न दिलेलं इंजेक्शन

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता मॅडम. व्यासपीठावरच्या मेट्रन मॅडम. ज्यांनी माझी छाती आतून पाहिली आहे आणि तरीही जे माझ्याशी बोलतात, ते आमचे सर्जनसाहेब. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना सगळं रुग्णालय तेहेतीस वर्षं नुसतं ‘सिस्टर’ म्हणत आलं, त्या सिस्टर. त्यांचे यजमान, लेक आणि जावई. समोर बसलेले माझे जुने सहकारी. माझ्या हातून पास झालेले आणि माझ्या हातून नापास झालेले माझे विद्यार्थी. आणि पाळी संपवून, पाय दुखत असतानाही थेट या सभागृहात आलेल्या सगळ्या परिचारिका भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पाच मिनिटं नुसती खडू शोधायला लागतात. त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल. मागच्या रांगेत माझे काही विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी आत्ताच डोळे मिटलेले मला दिसतायत. जुनी सवय आहे त्यांची. मी काही मनावर घेत नाही.

सिस्टरांबद्दल बोलायला मला का बोलावलं, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. मी त्यांच्या विभागातला नाही. चार वर्षांपूर्वी निवृत्तही झालो. नोकरीत होतो तेव्हा माझा रुग्णांशी फारसा संबंध आला नाही. ज्यांनी मरणोत्तर आपला देह आमच्याकडे दिला, त्या थोर माणसांच्या संगतीत माझी एकतीस वर्षं गेली. त्यांच्यापैकी कुणी मला उलटून बोललं नाही, आणि त्यामुळे माझा स्वभाव बिघडला, असं आमच्या घरात मानलं जातं. सौभाग्यवती समोरच बसल्या आहेत. मान हलवतायत बघा.

तेव्हा मी इथे उभा आहे तो सिस्टरांनी माझ्याशी केलेल्या एका गोष्टीमुळे. आणि त्याआधी मी त्यांच्याशी केलेल्या एका गोष्टीमुळे. आधी माझी सांगतो. ती सांगायला जड आहे, म्हणून आधीच उरकून टाकतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सिस्टर कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात होत्या. आपल्याकडे दर वर्षी प्रकृती ठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी मी गेलो. वय पंचावन्न. रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते मला आठवत नव्हतं. मोजायचा कशाला? रक्तदाब लोकांना असतो. मी तर डॉक्टर.

सिस्टरांनी उजव्या दंडाला पट्टा बांधला, मोजला, आणि म्हणाल्या, एकशे अडुसष्ट आहे सर, जास्त आहे. मी म्हणालो, जिने चढून आलोय. दवाखाना तळमजल्यावर होता. त्यांनी पट्टा सोडला आणि टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आल्या. मी विचारलं, आता हे काय? म्हणाल्या, दुसऱ्या हाताचंही घेते, एक मिनिट. मला अभ्यासमंडळाची बैठक होती. मी त्यांना म्हणालो, “बाई, माणसाला हृदय एकच असतं. एका हाताचं पुरे.”

हे वाक्य शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक बोलला. कृपया लक्षात घ्या.

त्यांनी तरी पट्टा बांधलाच. मी तसाच उठलो. बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा पट्टा माझ्या दंडाला, नळी खाली लोंबतेय, आणि नळीच्या टोकाला तो रबरी फुगा माझ्या गुडघ्यावर आपटतोय. समोरून पहिल्या वर्षाची अख्खी तुकडी येत होती. ती मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं आणि भिंतीला चिकटून वाट दिली.

त्या संतापात मी कार्यालयात गेलो आणि लेखी तक्रार केली. तिची भाषा मला तोंडपाठ आहे. ‘सदर परिचारिका अनावश्यक तपासण्या करून वरिष्ठ अध्यापकांचा वेळ वाया घालवतात.’ सिस्टरांना मेमो मिळाला. महिन्याभरात त्यांची बदली झाली. दिवसपाळीचा, एक वाजता बंद होणारा शांत दवाखाना गेला आणि त्या कॅज्युअल्टीत आल्या. अपघात, विषबाधा, रडणारे नातेवाईक. तीन पाळ्या. त्यांची लेक तेव्हा दहावीत होती. ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, आणि माहीत असती तरी मी तक्रार मागे घेतली असती का, याबद्दल माझी खात्री नाही. मी तसाच माणूस होतो.

असो. आता सिस्टरांच्या घरची मंडळी इथे आहेत, त्यांच्यासाठी थोडी माझ्या विषयाची ओळख करून देतो. डॉक्टर मंडळींनी हवं तर मागच्यांसारखे डोळे मिटावेत.

हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी निघते तिला महाधमनी म्हणतात. साधारण अंगठ्याएवढी जाड. निघते ती वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते, आणि पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते. बेंबीच्या पातळीला तिचे दोन भाग होतात, एकेका पायाकडे एकेक. त्या वळणावरून तीन फाटे वर निघतात. पहिला उजव्या हाताला आणि डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त देतो, दुसरा डोक्याच्या डाव्या बाजूला, तिसरा डाव्या हाताला. हे तीन फाटे ज्यांना सांगता आले नाहीत अशा किती मुलांना मी नापास केलं, त्याचा आकडा देत नाही. त्यातले काही जण आज या शहरातले नावाजलेले डॉक्टर आहेत आणि मला त्यांच्याकडे जावं लागतं.

या महाधमनीला तीन अस्तरं असतात. आतलं गुळगुळीत, मधलं जाड, बाहेरचं चिवट. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, किंवा घराण्यातच ते मधलं अस्तर कमकुवत असलं, तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, ती हळूहळू फुगते. माणसाला पत्ता लागत नाही. दुसरी, आतल्या अस्तराला चीर पडते आणि रक्त त्या चिरेतून दोन अस्तरांच्या मध्ये घुसतं आणि त्यांना एकमेकांपासून सोडवत पुढे जातं. कोटाचं अस्तर एका टोकाला उसवलं की सरसर उसवत जातं, तसं. त्या वाटेवर एखाद्या हाताचा फाटा आला तर तो दाबला जातो. मग एका हाताचा रक्तदाब भरपूर आणि दुसऱ्याचा कमी, असं होतं. तासागणिक माणूस हातचा जात असतो. आणि दुखणं असं, की हृदयविकाराचा झटका वाटावा.

इथेच सगळी मेख आहे. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, त्याने माणूस वाचतो. महाधमनी उसवलेली असताना तेच इंजेक्शन दिलं, तर माणूस टेबलावरच संपतो.

हे सगळं मला पाठ होतं. सात वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारीही पाठ होतं.

तोंडी परीक्षा चालू होती. समोर एक विद्यार्थिनी, घाबरून पांढरी पडलेली. माझ्या शेजारी दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्या परीक्षक बाई. मी त्या मुलीला विचारलं, महाधमनी छातीतून पोटात कुठल्या मणक्याच्या पातळीला उतरते? आणि ती उत्तर आठवत असताना माझ्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी कापड टरकावावं तसं काहीतरी झालं. मला घाम फुटला. मी टेबलाची कड धरली. ती मुलगी म्हणाली, सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

मी म्हणालो, “इथे प्रश्न मी विचारतो.”

परीक्षक बाईंनी तिला बाहेर पाठवलं. पूर्ण गुण देऊन पाठवलं, हे मला नंतर कळलं. मला म्हणाल्या, कॅज्युअल्टीत चला, चाकाची खुर्ची मागवते. मी नको म्हणालो. आम्लपित्त आहे, सकाळपासून उपाशीपोटी तीन कप चहा झालाय. खुर्चीत बसून जाताना विभागातल्या लोकांनी पाहिलं असतं ना! म्हणून मी दोन जिने उतरून, आवार ओलांडून, पायी कॅज्युअल्टीत गेलो. वाटेत दोघांना हात केला. महाधमनी उसवत असताना माणसाने काय करू नये याचा पाठ द्यायचा असेल तर ती दहा मिनिटं जशीच्या तशी दाखवावीत.

दुपारचे साडेतीन वाजले होते. कर्मचाऱ्यांचा दवाखाना केव्हाच बंद झालेला. कॅज्युअल्टीत ड्युटीवर माझाच एक जुना विद्यार्थी होता. हुशार डॉक्टर, पण त्याला मी एकदा वर्गात चाळीस मिनिटं उभं केलं होतं आणि ते त्याच्या गुडघ्यांना अजून आठवत होतं. त्याने कार्डिओग्राम काढला. त्यात काहीतरी होतं, धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. त्याला वरिष्ठांना विचारायचं होतं. मी कागद त्याच्या हातातून घेतला, पाहिला, आणि निदान केलं. म्हणालो, झटका आहे. गुठळीचं इंजेक्शन दे. वेळ घालवू नकोस.

शेवटचा जिवंत रुग्ण मी तीस वर्षांपूर्वी तपासला होता. पण आवाज माझा चांगला आहे. त्या आवाजापुढे त्याने ऑर्डर लिहिली.

ऑर्डर घेऊन ज्या आल्या त्या सिस्टर. मी त्यांना ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी इंजेक्शनचा ट्रे बाजूला ठेवला आणि माझ्या उजव्या दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी. मग खाटेला वळसा घालून डाव्या बाजूला आल्या. या वेळी मला उठून जाता येत नव्हतं. एकशे दहा.

मी म्हणालो, मशीन बिघडलंय. त्या गेल्या, दुसरं मशीन घेऊन आल्या. उजवीकडे एकशे अठ्ठ्याहत्तर. डावीकडे एकशे आठ.

त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, हे इंजेक्शन मी देणार नाही. आधी सीटी करून घ्या.”

आता मंडळी, रुग्णालयात काम न करणाऱ्यांना या वाक्याचं वजन कळणार नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर हातात असताना परिचारिकेने नाही म्हणायचं. आणि तेही जिच्या नावावर आधीच एक मेमो आहे तिने. समजा तो झटका असता आणि उशीर झाल्यामुळे मी गेलो असतो, तर? एका प्राध्यापकाचा जीव आणि एका परिचारिकेचा नकार. चौकशी कशी झाली असती ते मेट्रन मॅडम माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांची नोकरी गेली असती.

बरं, मी तरी गप्प बसावं की नाही? मी आडवा पडल्या पडल्या त्यांना म्हणालो, “मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

सिस्टर म्हणाल्या, “माहीत आहे सर. म्हणून तर दोनदा घेतलं.”

मग त्यांनी माझ्या त्या विद्यार्थ्याला विचारलं, डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं? सरांना काय वाटतं ते नको. तो एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्या आकड्यांकडे. शेवटी त्याने कागद पुढे ओढला आणि ऑर्डर खोडली. माझ्या देखत. त्या दिवशी तो डॉक्टर झाला असं मी मानतो, आणि त्यात त्याच्या गुरूचा वाटा शून्य आहे. तो आज परगावी असतो, नाहीतर त्याच्या तोंडावर हे सांगितलं असतं.

सीटीच्या खोलीत चित्र पडद्यावर आलं. मला तिथून थोडं दिसत होतं. महाधमनीच्या आत एक बारीक, लवलवणारी रेघ, सुरुवातीपासून वळणापर्यंत आणि पुढे. अठ्ठावीस वर्षं मी ती फळ्यावर लाल-निळ्या खडूने काढत आलो होतो. मी नेहमी फार जाड काढायचो. खरी अगदी बारीक होती. मला पहिला विचार आला तो हा, की मुलांना चुकीचं शिकवलं. दुसरा विचार आला तो त्या न दिलेल्या इंजेक्शनचा, आणि मग मात्र मी रडलो. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आज कळलं असेल.

शस्त्रक्रियागृहाबाहेर माझी बायको उभी होती. सर्जनसाहेबांनी तिला सांगितलं की सहा-सात तास लागतील आणि खात्री देता येत नाही. हेही म्हणाले, की ते इंजेक्शन गेलं असतं तर आपण इथे बोलत उभे राहिलो नसतो. ते आत गेल्यावर तिथे सिस्टर होत्या. त्यांची पाळी संपली होती, पण त्या थांबल्या होत्या. बायकोने विचारलं, वाचतील ना हो? सिस्टर म्हणाल्या, “ते मला नाही सांगता येणार, ताई. पण वेळ वाया गेलेला नाही.”

माझ्या तक्रारीतलं वाक्य आपल्याला आठवत असेल, तर या वाक्याबद्दल मी आणखी काही बोलत नाही.

सर्जनसाहेबांनी माझ्या महाधमनीचा सुरुवातीचा भाग काढला आणि तिथे विणलेल्या कापडाची नळी शिवली. तेव्हापासून माझ्या आत कापड आहे. सौभाग्यवतींचं म्हणणं, एवढी छाती उघडलीच होती तर स्वभावालाही इस्त्री करून घ्यायची होती.

आठव्या दिवशी सिस्टर वॉर्डात मला बघायला आल्या. माझ्या डोक्यात एकच कौतुक चाललं होतं, आणि तेही स्वतःचंच. मला पक्कं माहीत होतं की त्यांनी हे माझ्याच व्याख्यानात ऐकलं असणार. परिचारिका विद्यालयात दर वर्षी माझा एक तास असायचा. मी अगदी मोठ्या मनाने विचारलं, सिस्टर, तुम्ही माझ्या तासाला होतात का?

हो, म्हणाल्या. दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही चित्र फार सुंदर काढलं होतं. पण आजारांपर्यंत आलात तेव्हा घंटा झाली.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या टिपणांची वही काढली. महाधमनीचे आजार शेवटच्या पानावर होते. त्या पानाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘वेळ उरल्यास’. ते पान कधी हात न लागल्यासारखं करकरीत होतं. चित्राच्या पानांवर मात्र खडूचे डाग होते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी वॉर्डात मी विचारलं, मग शिकलात कुठे? त्यांनी खुर्ची जरा जवळ घेतली. त्या नोकरीला लागल्या त्याला चार-पाच वर्षं झाली असताना एक शिंपी त्यांच्या वॉर्डात आला होता. पाठीत दुखतंय म्हणून. वॉर्ड भरलेला, खाटांच्या मध्येही गाद्या. त्यांनी डाव्या हाताचा रक्तदाब घेतला, एकशे वीस आला, लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. शिंपी त्यांना सांगत होता की आठ कोट अर्धे शिवून ठेवलेत, शनिवारपर्यंत द्यायचेत, तेवढं लवकर सोडा. दुपारी तो गेला. शवविच्छेदनात महाधमनी उसवलेली निघाली. तिथले डॉक्टर सहज म्हणाले, दुसऱ्या हाताचं घेतलं असतं तर दोनशे आलं असतं. त्यांनी सहज म्हटलं आणि ते विसरूनही गेले. सिस्टर विसरल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी एकाही रुग्णाचा एकाच हाताचा रक्तदाब घेतलेला नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. अठ्ठावीसेक वर्षं, रोज, प्रत्येक माणूस.

मग त्यांनी मला विचारलं, “सर, तुम्ही जाणकार आहात. मी दुसरा हात घेतला असता तर तो वाचला असता का?”

मी खरं ते सांगितलं. त्या काळी आपल्याकडे ही शस्त्रक्रिया होत नव्हती. दुसरं मोठं रुग्णालय गाडीने पाच तासांवर. बहुधा नसता वाचला.

सिस्टर म्हणाल्या, “सगळे हेच सांगतात.” आणि उठून माझं सलाइन बघायला लागल्या.

मला एवढं शिकून त्या बाईला देण्यासारखं दुसरं वाक्य सापडलं नाही. आजही सापडलेलं नाही.

त्या निघाल्या तेव्हा मी म्हणालो, सिस्टर, तुमच्याविरुद्ध एक तक्रार झाली होती, ती कुणी केली ते तुम्हाला ठाऊक नसेल. म्हणाल्या, ठाऊक आहे की. अर्ज टाइप केलेला होता, पण चार ओळींत पाच वेळा ‘सदर’ होतं. तसं या आवारात तुम्ही एकटेच बोलता.

चार महिन्यांनी कामावर रुजू झालो तो पहिल्यांदा कार्यालयात गेलो. म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे. तिथले कारकून फाइल उघडून म्हणाले, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही सर. नवीन करता येते. मग मी नवीन केली. विषय, वरिष्ठ अध्यापकाने परिचारिकेच्या कामात अडथळा आणल्याबाबत. तक्रारदार मी. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही मी. तेव्हाच्या अधिष्ठात्यांनी मला बोलावून सांगितलं, हे काय लावलंय, लोक हसतील. मी म्हणालो, हसू देत, पण मेमो द्या. तीन आठवडे मी रोज त्यांच्या दारात जाऊन बसलो. शेवटी माझा पिच्छा सोडवायला त्यांनी मला मेमो दिला, आणि त्याच्याच आधारे सिस्टरांचा मेमो रद्द झाला. दवाखान्यात परत बदली देऊ केली होती. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, आता इथे हात बसलाय. मला काही काळ वाटत होतं, की मी तक्रार केली नसती तर त्या कॅज्युअल्टीत नसत्या आणि मी वाचलो नसतो, म्हणजे पाहा, तक्रार योग्यच होती! हा मुद्दा मी घरी एकदाच मांडला. नंतर दोन दिवस आमच्या घरात कुणी माझ्याशी बोललं नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण अजून एक माणूस आहे, आणि तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. माझा धाकटा भाऊ.

शस्त्रक्रियेनंतर सर्जनसाहेबांनी मला विचारलं, वडील कशाने गेले? मी म्हणालो, हृदयाने, एकसष्टाव्या वर्षी, दाढी करता करता. पाठ धरून खाली बसले. मी हे वाक्य बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. पाठ धरून. तेव्हा मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, महाधमनीवरच टिपणं काढत होतो, आणि आईला मीच सांगितलं होतं की झटका होता.

साहेब म्हणाले, भावंडांची तपासणी करा. माझा भाऊ वीजजोडणीची कामं करतो. खांबावर चढेल, पण इस्पितळाची पायरी चढणार नाही. मी सात महिने त्याच्या मागे लागलो. त्याला व्याख्यान दिलं, चित्र काढून दाखवलं, तिन्ही अस्तरं समजावली. तो म्हणायचा, दादा, तुझं झालं म्हणून आम्हाला कशाला आजारी पाडतोस? शेवटी मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी त्याला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी त्याला अस्तरांबद्दल एक शब्द सांगितला नाही. म्हणाल्या, “तुमच्या भावाचं मी त्या दिवशी ऐकलं नाही, म्हणून ते माझ्या शेजारी उभे आहेत. तुमचंही ऐकणार नाहीये. सोमवारी नऊ वाजता या.”

सोमवारी पावणेनऊला तो आला. त्याची महाधमनी साडेपाच सेंटिमीटर फुगलेली होती. फुटायच्या आधी सापडली. रीतसर तारीख घेऊन शस्त्रक्रिया झाली, नवव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला, आणि अडीच महिन्यांनी पुन्हा खांबावर. खांबावर चढायचं नाही असं सर्जनसाहेबांनी सांगितलं होतं. साहेब, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय, माफ करा, पण माणूस समोर आहे. समारंभ संपल्यावर पकडा.

सिस्टर, सत्काराला उत्तर द्यायला नको म्हणून तुम्ही मेट्रन मॅडमना विनवलं आहे, हे मला कळलं. तुम्ही बोलणार नाही, म्हणून मी इतकं बोललो. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मुली आज कॅज्युअल्टीत आहेत. परवा सौभाग्यवतींना चक्कर आली म्हणून मी त्यांना घेऊन गेलो होतो. एक नवीन सिस्टर आली, उजव्या हाताचा रक्तदाब घेतला, आणि वळसा घालून डाव्या बाजूला गेली. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, का म्हणजे? असंच घेतात.

यापेक्षा मोठा सत्कार आम्हा मंडळींना करता येणार नाही. हा पुष्पगुच्छ आहे तो आपला रिवाज म्हणून.

आता खरोखरच आटोपतो. अधिष्ठाता मॅडमनी माझ्यासारख्या बेशिस्त वक्त्याला व्यासपीठावर येऊ दिलं, मेट्रन मॅडमनी हा समारंभ घडवून आणला, सर्जनसाहेबांनी स्वतःच्या शिवणीची तारीफ शांतपणे ऐकून घेतली, सिस्टरांच्या घरच्यांनी तेहेतीस वर्षं त्यांना आम्हाला वापरू दिलं, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव घ्यायचं सुटलं असेल, आकड्यांत कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. पाच मिनिटांची पंचवीस झाली, त्याबद्दल सूत्रसंचालक बाईंनी माझ्याविरुद्ध लेखी तक्रार करायला हरकत नाही.

आणि सिस्टर, एक शेवटचं. मघाशी दारात तुम्ही मला विचारलंत, सर, सकाळची गोळी घेतलीत ना? आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. भाषणाच्या गडबडीत राहिली होती. बोलता बोलता मी मध्येच थांबून पाणी प्यायलो, ते मंडळींना वाटलं असेल की वक्त्याचा घसा दाटून आला. घसा ठीक होता.

गोळी घेतली.